धाकटीचे हात

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. कळसाडी गावातल्या एकाच घरात वाढलेल्या, एकाच विहिरीच्या पाण्यानं न्हालेल्या. तरी धाकटीच्या हातावर पाणी पडलं की ते थेंब थेंब होऊन घरंगळून जायचं आणि माझ्या हातावर पडलं की केसांत अडकून बसायचं. हे मी फार लहानपणी पाहिलं आणि पुढे कधी विसरू शकले नाही.

माझ्या अंगावर केस होते. चारचौघींना असतात तसे नव्हे. दंडापासून बोटांपर्यंत, पोटऱ्यांवर, ओठावर, हनुवटीखाली, काळे आणि राठ. आई समजूत घालायची, "केसाळ पोर नशीबवान व्हस." धाकटीच्या हातावर मात्र उन्हात धरला तरच दिसावी एवढी लव. सातवीत असताना वर्गातल्या एका मुलीनं माझा हात धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "देखा वं, अस्वलना हात." वर्ग हसला. धाकटी तेव्हा माझा विसरलेला डबा घेऊन दारात उभी होती. तिनं ओठ दाबून धरले, पण हसू आलंच तिला.

रविवारी आई मला न्हाणीपाशी पाटावर बसवायची. माझा पाय आपल्या मांडीवर घ्यायची आणि डाळीचं पीठ, हळद, साय कालवून खालून वर चोळत राहायची. असं चोळलं की केस झडतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. केस काही झडले नाहीत. कातडी तेवढी लाल व्हायची, आणि थंडीत पोटऱ्या उलून खपल्या धरायच्या. धाकटी उंबऱ्यावर बसून पेरू खात हे बघायची. तिला काही लावावं लागत नव्हतं. नुसत्या साबणानं धुतलं तरी तिचं अंग चकचकायचं. मला तिच्या त्या पेरू खाण्याचाही राग यायचा.

शहाद्याला कॉलेजात जायला लागले तेव्हा एकदा मी बाबांच्या दाढीच्या पात्यानं कोरड्याच हातावरचे केस काढले. दुसऱ्या दिवशी हातभर पुटकुळ्या. मग एका मैत्रिणीनं मला शहाद्यातल्या एका बाईंकडे नेलं, सगळ्या त्यांना आपा म्हणत. त्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवत. वॅक्सची पट्टी ओढताना म्हणत, "बेटी, बाल बड़े जिद्दी हैं तेरे," आणि माझ्याइतकंच कळवळत. हात गुळगुळीत व्हायचे, पण एखादाच दिवस. मग कातडी कोरडी पडायची, रात्रंदिवस खाज सुटायची, नवे केस बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत वळून त्यांच्या गाठी व्हायच्या. हात होते त्याहून वाईट दिसायचे.

शाळेत नोकरी लागल्यावर मी नंदुरबारला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हात बघितले आणि विचारलं, "वॅक्स झाल्यावर घरी जाऊन काय करता?"

"गरम पाण्यानं अंघोळ. मग वासाची पावडर."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, केस उपटल्यावर कातडी उघडी पडते. तिला शांत करायचं सोडून तुम्ही तिला भाजता."

त्यांनी सांगितलं ते मी देवाचं व्रत पाळावं तसं पाळलं. वॅक्सच्या दिवशी गार पाणी. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम लावायचं, म्हणजे ओल आत राहते. सैल सुती कपडे. त्या दिवशी ऊन नाही, अत्तर नाही, लिंबू नाही. दोन-तीन दिवस गेले की मऊ फडक्यानं हलक्या हातानं चोळायचं, म्हणजे नवा केस आत अडकत नाही. आणि मलम रोज, अंगावर केस असोत की नसोत.

हळूहळू माझी कातडी सुधारली. पण मी सुखी झाले नाही. धाकटी शेजारी बसली की तिच्या हाताकडे नजर जायची. तिची कातडी म्हणजे तापीकाठची काळी जमीन, काहीही न करता पिकणारी. माझी मुरमाड, रोज पाणी घालावं तेव्हा कुठं हिरवी दिसणारी. धाकटी मला मलम लावताना बघून म्हणायची, "ताई, किती लायस वं तू!" ती सहज म्हणायची. मला ते सहज ऐकता यायचं नाही.

प्रकाशा गावी एका चुलत भावाच्या लग्नात सुरतचं एक घर आलं होतं. त्यांनी आमच्या आत्याकडे चौकशी केली, "ती निळ्या साडीतली मुलगी कुणाची?" निळ्या साडीत धाकटी होती. बिनबाह्यांचं ब्लाउज, हातात दोनच बांगड्या. मी तिला लागूनच बसले होते, भर उन्हात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून घामाघूम. मोठीचं व्हायच्या आधी धाकटीचं कसं करायचं, असा प्रश्न घरात निघाला. मला बघून गेलेली घरं 'कळवतो' म्हणून गेली होती आणि त्यांनी कधी कळवलं नव्हतं. मीच म्हणाले, "करा तिचं. मन्हं काही नही." सगळ्यांनी मला समंजस म्हटलं. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि पोट बिघडल्याचं सांगितलं.

लग्नाच्या तयारीत धाकटीला सुरतहून होणाऱ्या मोठ्या जावेचा फोन आला. "सगळ्या अंगाचं वॅक्स करून घे. फोटो छान येतात." धाकटीनं जन्मात वॅक्स केलं नव्हतं. मी तिला म्हणाले, "आपांकडे चल. पण हळदीच्या चार-पाच दिवस आधी. कातडीले सवय नही शे तुन्ही."

"आपांकडे? ती ते घरमानी खोली शे, ताई. मी नंदुरबारले जासू, मोठा पार्लरमा."

साड्यांच्या खरेदीत दिवस गेले आणि ती नंदुरबारला गेली ती हळदीच्या आदल्या दिवशी. दुपारच्या एसटीनं परत आली, खिडकीचं ऊन हातावर घेत. आल्या आल्या बंबाचं कढत पाणी घेऊन अंघोळ केली आणि सासरहून आलेलं गुलाबाच्या वासाचं लोशन दोन्ही हातांना, पायांना, गळ्याला चोळलं. मी अंगणात मांडववाल्याशी बोलत होते. आतून हाक आली, "ताई वं!"

ती आरशापुढे उभी होती. मनगटापासून खांद्यापर्यंत हात लालभडक, आणि त्यावर बारीक बारीक पुळ्या. गळ्याखाली चट्टे. "आग पडी ऱ्हायनी, ताई. काय व्हयनं हाई?"

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. माझ्या पोटात काहीतरी गार झालं. वैशाखात माठाचं पाणी घशाखाली उतरावं तसं. तो हात मी ओळखत होते. तो माझा हात होता.

तोवर घरातल्या बायका जमा झाल्या. आई घाबरून पदर तोंडाला लावून उभी. आत्या म्हणाली, "काही नही व्हत. लिंबू पिळीसन हयद लायी द्या आतेच."

"हयद नही, लिंबू नही, काहीच नही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पानी लयी या. माठनं. आनि बाबास्ना जुना पंचा."

मी तिला पाटावर बसवलं. आधी ते लोशन गार पाण्यानं धुऊन काढलं, न चोळता, नुसतं पाणी सोडून. मग पंच्याचे तुकडे फाडले, भिजवले, पिळले आणि तिच्या हातांवर पसरले. एक गरम झाला की काढायचा, दुसरा ठेवायचा. ती डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळानं लाली जरा उतरली, तेव्हा मी माझ्या कपाटातून मलमाची नळी आणली आणि ओलसर कातडीवर बोटांनी अलगद पसरत गेले. एवढ्या वर्षांत तिच्या दंडाला मी कधी असा हात लावला नव्हता. पुळ्यांवरून बोट खरखरत जात होतं.

"ताई," ती डोळे न उघडता म्हणाली, "तुले असं नेहमी व्हये?"

"नेहमी नही. पण व्हये."

तिनं दुसरा हात पुढे केला. मग म्हणाली, "आयतवारले माय तुन्हा पाय मांडीवर ले, तवय मले तुन्हा भारी राग ये. मन्हा पाय कधी नही लिधा तिनी. मी उंबरावर बठी ऱ्हाऊ, ती मन्हाकडे देखे बी नही."

तिला वाटलं असेल, हे ऐकून मी विरघळेन. माझं तर डोकं तापलं. रंग तुझ्याकडे, हात तुझ्याकडे, सुरतचं घर तुझ्याकडे. माझ्या वाट्याला काय, तर ते रविवारचं चोळणं, ज्यात मी दात-ओठ खाऊन बसायचे. तेवढंही तुला हवं? मी पाण्यातला पंचा उचलला आणि इतका पिळला की त्याचा दोरा तुटला.

संध्याकाळी नवा वाद उभा राहिला. उद्या हळद लावायची कशी? आई म्हणाली, "हयद नही लायी ते लोके काय म्हनतीन?" मी म्हणाले, "लावा. कपाळाला, केसांच्या भांगाला, तळपायाला. हाताला आणि गळ्याला नाही." आत्या पुटपुटली की शिकलेल्या पोरींचं सगळंच उफराटं. कोपरापर्यंत काढायची मेंदीसुद्धा मी तळहातापुरतीच ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी धाकटीला मी मऊ सुती ओढणीत गुंडाळून पाटावर बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिले. गावातली एकेक बाई हळदीची बोटं घेऊन यायची, आणि मी तिचा हात धरून कपाळाकडे वळवायची, "आठे लाया, आठे." हळदीच्या सगळ्या फोटोंत मी आहे. मांडवात पोलीस उभा असावा तशी. धाकटी पिवळ्या कपाळानं हसते आहे, आणि त्या फोटोंतही तीच छान दिसते.

लग्नाच्या सकाळपर्यंत लाली गेली. एखाददुसरा ठिपका राहिला होता, तो बांगड्यांआड लपला. मी दर थोड्या वेळानं तिला मलम लावत होते, त्यामुळे कातडी तुकतुकीत झाली होती. सप्तपदी झाल्यावर त्या मोठ्या जावेनं तिचा हात हातात घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "बघा तरी, किती मऊ हात. लोण्यासारखे." मी आरतीचं ताट घेऊन मागेच उभी होते. माझ्या ओठांशी आलं होतं की तो मऊपणा माझ्या नळीतला आहे. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी ताट पुढे केलं.

ती गेल्यावर घर रिकामं झालं. मला वाटलं होतं, आता सुटले. तर तिचे फोन सुरू झाले. सासरी मोठी जाऊ दर महिन्याला वॅक्सला नेते, मग "ताई, आज जायी उनू. काय लायू?" मी शाळेतून येऊन दमलेली असले तरी सांगायची, गार पाणी घे, टिपून घे, उन्हात जाऊ नको. कधी कधी मनात यायचं, सांगू नये. एकदा तर फोन वाजू दिला. मग स्वतःच उलट फोन केला, कारण तिचे हात तसे झालेले डोळ्यांपुढे आले आणि या वेळी पोटात गार काही झालं नाही.

आखाजीला ती पहिल्यांदा माहेरी आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. घरामागच्या निंबाला झोका बांधला होता, आणि चुलत-आते बहिणी ओट्यावर जमल्या होत्या. मी स्वयंपाकघरात आंब्याचा रस काढत होते. खिडकीतून धाकटीचा आवाज आला.

"वॅक्सना दिन कढत पानी लेवानं नही. पुसानं नही, टिपानं. आंग वलं शे तवयच मलम लावानं, म्हनजे वल मजार ऱ्हास."

माझेच शब्द. टिपायचं कसं ते दाखवताना तिची बोटंही माझ्यासारखीच हलत असणार. मी केलेली सगळी यातायात, ती खाज, त्या गाठी, ते डॉक्टरीणबाईंसमोर शरमेनं हात पुढे करणं, आणि त्यातून मिळालेलं एवढंसं शहाणपण आता तिच्या तोंडी शोभत होतं. आतून पेटले मी. रसाचे हात तसेच घेऊन मागच्या दारात आले. काय बोलणार होते, मला आता नेमकं सांगता येत नाही. पण गोड काही नव्हतं.

तेवढ्यात एक चुलत बहीण तिला म्हणाली, "तुले काय गरज वं, तुन्हा हात ते आधीच लोनी. हाई सगळं कोनी शिकाडं तुले?"

"ताईनी," धाकटी झोक्यावर चढत म्हणाली. जराही न थांबता. "मी सुरतले बी सगळ्यासले हाईच सांगस. मन्ही ताईले इचारा, तिले समजस."

सगळ्या वळून माझ्याकडे बघू लागल्या. ती चुलत बहीण जरा सरकली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि म्हणाली, "मन्हा पाय देख ना वं जरा. नुसत्या गाठी शेत. कोनले दखाडाले बी लाज वाटस."

मी रांजणावर हात धुतले आणि तिच्यापाशी ओट्यावर बसले. तिच्या पोटरीवर आत वळलेले केस होते, कातडी कोरडी, पांढुरकी. "काय लावतेस?" मी विचारलं. "पावडर," ती म्हणाली. मला हसू आलं. मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले, आणि बाकीच्याही जवळ सरकून ऐकू लागल्या.

समोर धाकटीनं झोका घेतला. दोन्ही हात वर, दोर धरलेले, बाह्या मागे घसरलेल्या, आणि ऊन त्यांवरून सरकत होतं. मी बोलत होते पायाबद्दल. डोळे मात्र पुन्हा पुन्हा तिकडेच जात होते.