हॅटवाल्या बायकांचा रविवार

वर्नेल टिसडेल जन्मभर आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव भाजत आली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं आमचं अख्खं काळ्यांचं गाव तिला मावशी म्हणतं. हाताला चव आणि जिभेला धार, दोन्ही देवानं सढळपणे दिलेल्या. आमचं बायकांचं वाचनमंडळ तिच्याच घरी भरायचं. आधी तिचा पीचचा केक फस्त करायचा, मगच पुस्तक उघडायचं.

त्या वसंतात आम्ही एक कादंबरी वाचली. तिची नायिका डेल्फी पिवळी हॅट घ्यायला गोऱ्यांच्या दुकानात जाते. काळ्या बाईला हॅट घालून बघू देत नाहीत, म्हणून ती अंदाजानंच घेते. घरी नवरा म्हणतो, "तुला कोण बघणार आहे?" आणि हॅट कपाटावर फेकतो. शेवटच्या पानावर डेल्फी ती घालून बाहेर पडते.

"हॅट म्हणजे स्वातंत्र्य," मी मास्तरणीच्या थाटात म्हणाले.

"छे! हॅट म्हणजे इभ्रत," क्लॉटिल म्हणाली. ती आमच्या चर्चचे कारभारी डीकन प्रुइट यांची बायको, त्यामुळे आपला शब्द शेवटचा असं तिला वाटतं.

"अगं बायांनो," मावशी म्हणाली, "माझी आई दोऱ्यानं माझं डोकं मोजायची आणि तो दोरा दुकानात हॅटच्या आत लावून बघायची. आमचे पैसे चालायचे त्यांना, डोकं नाही चालायचं. आणि डेल्फीचं तर घरातही चाललं नाही."

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी एक रविवार महिलादिन म्हणून साजरा होतो; त्या दिवशी या कादंबरीवर मावशीनंच बोलायचं, असं तिथेच ठरलं.

मावशीची अट एकच, "मी वरून, व्यासपीठावरून बोलणार." आमच्याकडे वर फक्त पुरुष. बायकांसाठी खाली, पहिल्या बाकासमोर एक छोटं स्टँड मांडतात.

"वर्नेल, खालून बोललीस तरी देवाला ऐकू जातं," डीकन म्हणाले.

"मग तुम्हीही खालूनच बोलत जा की!"

डीकन काही बधले नाहीत. मावशी हसली खरी, पण मला फाटकापर्यंत सोडताना म्हणाली, "गोऱ्यांच्या दुकानात नाही म्हणाले, ते सोसलं. आपल्याच घरात नाही म्हणतात, हे फार लागतं गं."

महिलादिनाला आमच्याकडे हॅट्सना ऊत येतो. पिसं काय, जाळ्या काय, परातीएवढ्या कडा काय! त्यात मावशी ठेंगणी. खालच्या स्टँडमागे उभं राहून तिनं तोंड उघडलं आणि मागून ओरडा झाला, "कोण बोलतंय? काही दिसत नाही!"

डीकन उठले. "भगिनींनो, जरा हॅट्स उतरवा."

एकीचाही हात हलला नाही. कादंबरी वाचली होती ना आम्ही!

"क्लॉटिल, तू तरी काढ," डीकन दबक्या आवाजात म्हणाले.

क्लॉटिलनं हॅट आणखी घट्ट बसवली. "हॅट उतरणार नाही, डीकनसाहेब. वर्नेललाच वर चढवा!"

चर्चभर हशा पिकला. पाळकसुद्धा रुमालाआड हसले. डीकननी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी बाजूला होऊन वाट दिली.

मावशी पायऱ्या चढली. वर उभी राहून डोळे भरून ती नुसती एकेकीकडे बघत राहिली.

"बोल गं बये!" मागून कुणीतरी हाक दिली.

"बोलते," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं या चर्चमध्ये येते, पण तुम्हा सगळ्यांना असं समोरून कधी पाहिलंच नव्हतं. किती सुंदर दिसताय गं तुम्ही!"