अंधारकाकांच्या अंगातला उजेड

वेधशाळेत त्यांना सगळे अंधारकाका म्हणत, कारण अंधार करणं हेच त्यांचं काम होतं. तरुणपणी फोटो धुण्याच्या काळ्या खोलीत कामाला लागले, तिथून पुढे इथे आले. फार लांब गेलेलं यान लेसरच्या उजेडातून निरोप धाडतं. पण वाटेत तो उजेड इतका पसरतो, की आमच्या दुर्बिणीच्या आरशात पडतात ते चिमूटभर कण. ते एकेक करून मोजणाऱ्या रिसीव्हरजवळ परका कवडसाही चालत नाही. म्हणून काका फटी बुजवत, यंत्रांचे लाल-हिरवे दिवे काळ्या पट्टीने झाकत. ही खोड घरापर्यंत पोचली होती.

“अहो, टीव्हीचा दिवा झाकलात, फ्रिजचा झाकलात. आता माझे डोळे तेवढे राहिले,” बायको म्हणे.

त्या दिवशी नव्या रिसीव्हरची शेवटची परीक्षा होती. आधी मिट्ट अंधारात मोजणी, मग भर दुपारी यानाचा उजेड पकडायचा. अंधारातच आकडा जास्त आला, तर रिसीव्हर नापास आणि उद्यापासून तो खोलायला सुरुवात. काकांनी तो पहिल्या स्क्रूपासून उभा केलेला. यानाचा पहिला कण येईल तेव्हा आपण शेजारी असावं, एवढीच त्यांची हौस. म्हणून नेहमीसारखं स्टूल घेऊन ते रिसीव्हरच्या इवल्याशा काचेच्या खिडकीशी राखण करत बसले.

परीक्षा घेणाऱ्या मॅडम पलीकडच्या खोलीत आकडे बघत होत्या. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, “काका, आकडा वर आहे. कुठून तरी उजेड शिरतोय.”

“माझ्या खोलीत? शक्यच नाही!” काकांना ते फार लागलं. चाचपडत जाऊन त्यांनी दाराचे पडदे पुन्हा तपासले.

“उतरला! काय केलंत?”

“काहीच नाही हो. नुसता दारापाशी आहे.” ते परत येऊन स्टूलवर बसले.

“चढला!”

मग मॅडम हळूच म्हणाल्या, “काका, ते तुम्हीच आहात. अंगाची ऊब. तिच्यातही उजेड असतो, आपल्याला न दिसणारा. याला दिसतोय.”

काकांनी अंधारात हात डोळ्यांसमोर धरला. काही दिसेना. जन्मभर ज्याला हुसकून लावलं, तो आपल्याच अंगात?

जा असं मॅडम म्हणाल्या नाहीत. काका आपणहून उठले, दार घट्ट लावलं आणि बाहेर पायरीवर उन्हात जाऊन बसले. वर आभाळ लख्ख. त्या झगझगाटातून यानाचा उजेड उतरायचा होता. काका आत राखण करत होते, तेव्हाच तो तिकडून निघालेला होता.

बऱ्याच वेळाने मॅडम स्वतः बाहेर आल्या. “आला, काका. अक्षर न् अक्षर लागलं. पास!”

“आणि माझा आकडा?”

“साफ गेला.”

काकांनी घरी फोन लावला. “अगं, माझ्यातून उजेड पडतो म्हणे. मशीनने पकडलं.”

“पडू दे. पण फ्रिजची पट्टी आधी काढा, मला दूध सापडत नाही.”

फोन ठेवून काका आपला तळहात उलटसुलट करून बघत बसले. भर उन्हात तिथे काय दिसणार म्हणा. पण बघत बसले खरे.