उजव्या दाराचा बर्फ

आगाफ्याच्या गाडीचं उजवं दार गोठायला लागलं, तेव्हा आमच्या गावात शहाणपणाला नुसता ऊत आला. खरं तर हिवाळ्यात गोठलेलं दार म्हणजे लेकराच्या नाकातला शेंबूड, त्यात नवल ते काय! पण हे दार निराळंच होतं. चारांतलं तेवढं एकच गोठायचं. त्यातून नेमकं तेच, जिथून आगाफ्या चालवायला बसायची. आमच्या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं, पण गावातल्या निम्म्या गाड्या जपानहून आलेल्या, त्यांचं उजवीकडे.

आगाफ्या आमची नर्स. गावात डॉक्टर नाही, तेव्हा डॉक्टरही तीच. बाई अंगापिंडाने भरदार, तोंडाने फटकळ, आणि डाव्या गुडघ्याने अधू. रोज सकाळी ती गरम शेडमधून गाडी काढून अंगणात उभी करायची, इंजिन चालूच ठेवायची, आणि घरात जाऊन चहा पिऊन, पिशवी भरून बाहेर यायची. इतकी वर्षं असंच चाललं होतं. आता बाहेर यावं, हँडल ओढावं, तर दार ढिम्म!

शेजारचा प्रोकोप कुंपणावरून मान काढायचा. "काय आगाफ्याआक्का, आज पुन्हा रुसली का?"

"गप बस आणि इकडे ये!"

मग प्रोकोप डाव्या दारातून आत शिरायचा, गिअरवरून सरपटत पलीकडे जायचा आणि आतून लाथा घालायचा. आगाफ्याच्या गुडघ्याला ते सरपटणं जमणारं नव्हतं. प्रोकोप घरी नसला की ती कुलपाच्या भोकात सुईने स्पिरिट सोडायची. रस्त्याने जाणारे थांबून हसायचे, "आक्का, गाडीला ताप आलाय का? कुल्ल्यावर टोचा, लवकर गुण येईल!"

कोणी म्हणालं रबर बदल. कोणी म्हणालं केस वाळवायचं यंत्र लाव. एका दीडशहाण्याने तर उकळतं पाणी ओत म्हणून सांगितलं. या थंडीत उकळतं पाणी! ओतून झाल्यावर दाराऐवजी बर्फाची भिंतच उघडावी लागली असती. आगाफ्याने सगळं ऐकलं, रबर कोरडं पुसलं, नवीनही बसवलं. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा गच्च. पाणी कुठे मुरतंय तेच कळेना.

हसण्यावारी न्यायची गोष्ट असती तर ती हसली असती. पण नदीपलीकडच्या वस्तीवर आंधळा येगोर तिची वाट बघत बसायचा. त्याला साखरेचा आजार. ती येऊन इंजेक्शन देईपर्यंत तो तोंडात घास घालायचा नाही. एका सकाळी दाराशी झटापट करता करता फारच उशीर झाला, आणि ती पोचली तेव्हा येगोर भुकेने चक्कर येऊन चुलीपाशी पडलेला होता, हात भाजून घेतलेला. "ये ये," तो म्हणाला, "मला वाटलं आज तूच गोठलीस." आगाफ्याने त्याला मलम लावलं आणि परतताना गाडीत बसून रडली.

त्यात लेकीचा, कुन्नेयचा, फोन. ती शहरात, चौथ्या मजल्यावर राहायची. "आई, आता पुरे झालं. एक तर नोकरी सोड, नाहीतर बाबांना मी इकडे आणते. तू बाहेर पडलीस की ते एकटे. आणि ती गाडी! रस्त्यात दार उघडलं नाही तर आतल्या आत मरशील!"

"दार बाहेरून उघडत नाही गं, आतून उघडतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला तरी कुठे कळतंय!"

आता न्युकुलायचं सांगायला हवं. हा तिचा नवरा. गोठलेल्या नदीवरून ट्रक नेण्यात त्याचा जन्म गेला. बर्फाचा आवाज ऐकून त्याची जाडी सांगायचा. गेली दोन-तीन वर्षं त्याच्या डोक्यात धुकं शिरलं होतं. कधी पोरीचं नाव विसरायचा, कधी जेवला की नाही ते. शांत होता बिचारा, खिडकीत बसून अंगणाकडे बघत राहायचा. इथे अंगण ओळखीचं होतं, चुलीची जागा ओळखीची होती. चौथ्या मजल्यावर तो महिनाभरात हरवला असता, हे आगाफ्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्यासाठी घरी बसावं, तर येगोरला कोण बघणार? इकडे आड, तिकडे विहीर. दोन्हींच्या मधे ते एक दार.

एके सकाळी तिने बॅटरी धरून फटीत बघितलं आणि ती चक्रावलीच. बर्फ पांढरा होता. म्हणजे बर्फासारखा पांढरा नव्हे, गढूळ, दुधाळ. तिने सुरीने खपली काढली आणि हातमोजा उतरवून तळव्यावर वितळवली. बोटांना तेलकट लागली. नाकाशी नेली तर चहा! दूध घातलेला चहा!

गाडीच्या दाराला चहा कोण पाजतंय? तिच्या डोक्यात एकच नाव आलं. ती तडक प्रोकोपच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मेल्या, माझ्या गाडीवर चहा ओततोस? आणि वर लाथा घालून उपकार करतोस?"

प्रोकोप नुकताच उठलेला, एका पायात बूट. "चहा? आक्का, माझ्या घरात दूध संपून आठवडा झालाय! आणि ओतायचंच असतं तर मी वोडका ओतली असती, निदान गोठली तरी नसती!"

"मग कोण?"

"मला काय माहीत! पण एक सांगू? तुझं ते डावं दार आहे ना, त्याच्या रबराला कोणीतरी चरबी चोळलीय. घोड्याची. माझी विजार रोज माखते. मला वाटलं तूच लावतेस."

"मी? मी कधी लावली?"

एका दाराला चहा आणि एका दाराला चरबी. एक वैरी आणि एक मित्र, आणि दोघंही एकाच अंगणात! चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याची लाज वाटून आगाफ्या घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी काढली, घरात आली आणि पिशवी भरण्याऐवजी मागच्या खोलीच्या खिडकीला चिकटून उभी राहिली. काचेवरचा बर्फ फुंकून तिने डोळ्यापुरती जागा केली.

न्युकुलाय बाहेर आला. टोपी उलटी, हातात त्याचा स्वतःचा कप. तो गाडीच्या उजव्या बाजूला गेला. चमच्याने चहा घेऊन त्याने आधी हँडलवर शिंपडला, मग कुलपावर, मग फटीवरून वरपासून खालपर्यंत. ओठ पुटपुटत होते. कप रिकामा झाल्यावर तो डाव्या दाराकडे गेला, ते उघडलं, खिशातून डबी काढली आणि अंगठ्याने रबरावर चरबी चोळू लागला. कोपऱ्यात दोनदा, बिजागरीपाशी दाबून. हात जराही चुकत नव्हता.

आगाफ्या तशीच, कोटाशिवाय, बाहेर धावली. "अरे म्हातारबा, हे काय मांडलंयस?"

"रस्त्याला देतोय," तो म्हणाला. "तू द्यायचीस ना?"

तिला ते लख्ख आठवलं. तो ट्रक काढायचा तेव्हा ती दर खेपेला दूध घातलेला चहा घेऊन अंगणात यायची आणि शिंपडायची. नदीने नीट न्यावं, नीट आणावं म्हणून. इथल्या सगळ्याच बायका करतात.

"मी चाकांना द्यायचे रे! दाराला कोणी देतं का?"

न्युकुलायने चाकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कपाळावर आठ्या पडल्या. "चाकांना दिलं की गाडी जाते," तो म्हणाला.

हा विसरलाय, की याला सगळं कळतंय? ज्याने आख्खा जन्म ट्रकच्या दारांना चरबी चोळली, त्याला ओलं दार गोठतं हे माहीत नसेल? आगाफ्या त्याच्या डोळ्यांत शोधू लागली. तिथे धुकंही होतं आणि थोडीशी लबाडीही, आणि कुठलं किती ते काही केल्या उमगेना.

"मग हे डावं दार? त्याला कशाला चरबी?"

"हे माझं आहे," तो जरा चिडूनच म्हणाला. "ड्रायव्हरचं दार डावीकडे असतं. इतकी वर्षं संसार केलास, एवढंही कळत नाही, म्हातारे?"

तिने कपाळावर हात मारला. खरंच की! त्याच्या सगळ्या ट्रकांचं स्टिअरिंग डावीकडे होतं. तो रोज स्वतःचं दार तयार ठेवत होता. निघायची तयारी करून खिडकीत बसत होता, आणि ती रोज त्याला मागे ठेवून जात होती.

तिने आत जाऊन कोट घातला, पिशवी भरली, बाहेर येऊन त्याची टोपी सरळ केली, कानांवर ओढली, आणि पिशवी रोजच्यासारखी डाव्या सीटवर न ठेवता मागे टाकली.

"बस."

"कुठे जायचंय?"

"नदीपलीकडे. येगोरकडे."

तो बसला. कुंपणावरून प्रोकोपची मान वर आलीच होती. "आक्का, लाथा घालायला येऊ का?"

"ये बाबा, आज शेवटचं!"

प्रोकोपने न्युकुलायच्या मांडीवरून सरपटत जाऊन दार उघडलं आणि ती उजवीकडे बसली. गाडी नदीवर उतरली तेव्हा न्युकुलायने दोन्ही हात पुढे धरले होते, जिथे त्याचं स्टिअरिंग असायला हवं तिथे. वळण आलं की ते हात आधी वळायचे, मग तिचे. एके ठिकाणी तो म्हणाला, "इथे डावीकडून घे, खाली पाणी आहे," आणि खरं-खोटं न विचारता तिने डावीकडून घेतली.

येगोरने पावलं ऐकून मान वर केली. "आज वेळेवर आलीस गं! आणि हा दुसरा कोण?"

"माझा ड्रायव्हर," आगाफ्या म्हणाली.

न्युकुलाय चुलीशी बसला, हात शेकले आणि म्हणाला, "रस्ता चांगला होता. पण गाडीत कोणीतरी दुसरीकडेही एक स्टिअरिंग बसवलंय."