खंडेनवमीला चालू राहिलेला डबा

खंडेनवमी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत ज्ञानेश्वरी पावसकर आपल्या फोटो स्टुडिओतली हत्यारं पूजेसाठी पुसत होती. हत्यारं म्हणजे दोन कॅमेरे, एक ड्रोन, ट्रायपॉड आणि पोह्यांच्या डब्याएवढा एक काळा डबा. या डब्यात दोन हार्ड डिस्क असतात. एकीवर जे उतरतं ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरतं. या जोडणीला रेड म्हणतात. एक बिघडली तर दुसरी असावी, एवढाच हेतू. आजवर एकाही लग्नाचं चित्रण हरवलेलं नाही, हे ज्ञानेश्वरी गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगते.

डब्याच्या दर्शनी बाजूला गेल्या वर्षीचं कुंकू वाळून चिकटलं होतं. तिने ते नखाने खरवडलं, तर खालून तांबडा दिवा लुकलुकायला लागला. याचा अर्थ एक डिस्क गेली होती. कधी, ते कळायला मार्ग नव्हता. गेल्या खंडेनवमीला सासूबाईंनी, म्हणजे मालनताईंनी, कुंकवाचं बोट नेमकं त्या दिव्यावर टेकवलं होतं.

"जुळी भावंडं ठेवलीस ना गो?" मालनताई म्हणाल्या. "एक गेलं तर दुसऱ्यानं बोंब मारायची नाय?"

"मारत होतं. तुम्ही तोंडाला कुंकू फासलंत."

उरलेल्या डिस्कवर पूर्णगडच्या स्वरूप आणि ईशाचं वैशाखातलं लग्न होतं. आणखी एक प्रत ज्ञानेश्वरीच्या बहिणीकडे चिपळूणला असते, पण ती चैत्रात केलेली. स्वरूप मालवाहू जहाजावर काम करतो. परवा निघाला की सात महिने घरी नाही. कालच त्याचा फोन आला होता, "ताई, कापून जोडलेलं नको, गाणी नकोत. आहे तसं द्या. दसऱ्याला न्यायला येतो." डब्यातल्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या. दुसरी फार टिकेल असं मानायला कारण नव्हतं.

उरलेल्या डिस्कवरचं सगळं उतरवून घ्यायला ज्ञानेश्वरीने कपाटातून नवी डिस्क काढली.

"आज हत्यार चालवायचं नाय," मालनताई म्हणाल्या. पावसकरांकडे खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटल्यावरच हातात घेतात. ज्ञानेश्वरीचा नवरा अनिल झेंडूची माळ ओवत होता. त्याने आईकडे बघून मान डोलावली, मग बायकोकडे बघूनही डोलावली.

"आज नाही चालवलं तर उद्या हे लग्न उरणार नाही, आई."

मालनताईंनी विचार केला. "हात किती वेळ लावायला लागतो?"

"एकदाच. मग तो आपला आपण चालतो. सहा-सात तास."

"आपला आपण? मग चालवणारी तू कशी? पूजेच्या आधी लाव आणि तिकडं फिरकू नको."

पूजा चालू डब्याचीच झाली. झेंडूच्या खालून वायरी बाहेर आलेल्या. डब्याच्या वाट्याचं पाणी ट्रायपॉडला मिळालं. कुंकू कुठे लावायचं ते ज्ञानेश्वरीने बोटाने दाखवलं.

त्यानंतर कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर टक्के मोजत मालनताई बसल्या. सून दाराबाहेर, बातम्या आतून.

"अडुसष्टावर अडकलंय गो!"

"कुठल्या फाइलवर? नाव वाचा."

"मामा, अंतरपाट."

"आई, मी येऊ?"

"खबरदार!"

अनिलने ओवलेली माळ परत ओवायला घेतली.

"सरकला मामा!"

पावणेतीनला शंभर झाले. ज्ञानेश्वरीने दारातूनच सांगितलं, "नव्या डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडून बघा."

मालनताईंनी उघडली. "नवरा घामाघूम झालाय. मुंडावळ्या नाकात जातायत."

"तोच स्वरूप," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि पायरीवर बसली.

उद्या दसरा. सकाळीच सोनं वाटून स्टुडिओ नऊला उघडेल. स्वरूपची प्रत काढून झाली की बहिणीकडची प्रत ताजी करायला नवी डिस्क घेऊन अनिल दुपारच्या एसटीने चिपळूणला जाईल.