लँडरेसचा चीक

आमच्या घरात डुक्कर हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. नवरा फार्म म्हणायचा, मीही फार्म म्हणायचे. बोईसरच्या आमच्या सोसायटीतल्या लोकांनीही तोच शब्द उचलला. बहुतेकांचा समज कोंबड्यांचा होता. तळमजल्यावरच्या बाई अधूनमधून गावठी अंड्यांचा भाव विचारायच्या. ‘अंड्यांचं आम्ही करत नाही,’ असं मी सांगायचे. वाक्य खरं होतं.

फार्म चिल्हार रस्त्याला, बराच आत, टेकडीच्या पायथ्याशी भाड्याच्या जागेवर आहे. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात ऑपरेटर होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याबरोबरच्या कोणी रिक्षा घेतली, कोणी कुंभवलीच्या नाक्यावर वडापावची गाडी लावली. याने वराहपालनाचं प्रशिक्षण घेतलं. सरकारी कागदावर ते जनावर कायम वराहच असतं. वराह हा विष्णूचा अवतार आहे. डुक्कर ही शिवी आहे. प्रमाणपत्र हॉलमध्ये लावायचं त्याच्या मनात होतं. ते कपाटात गेलं.

आम्ही दोघंही मूळचे सांगलीकडच्या गावांतले. तिकडे डुकरं कोण पाळतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांची पालं गावाबाहेर असत आणि त्यांना पाणी द्यायचं तर वरून ओंजळीत ओतत. आमची लाज वासाची नव्हती. आपल्याला कोणी त्यांच्यातलं समजेल, याची होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लाजेचं कारण चुकीचं लिहिलं तर पुढचं सगळंच चुकेल.

नवऱ्याला घराबाहेर लाज वाटायची, ताटावर बसला की नाही. मुलं क्रिकेटपटूंबद्दल बोलतात तसा तो डुकरांच्या जातींबद्दल बोलायचा. लार्ज व्हाइट यॉर्कशायर इंग्लंडची. कान ताठ, अंगाने दांडगी, उन्हात कातडी भाजते म्हणून तिला सावली हवी. ड्युरॉक अमेरिकेची, विटकरी रंगाची, वजन झपाट्याने धरणारी. हॅम्पशायर काळी आणि खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत पांढरा पट्टा, शाळेच्या पोरीने दप्तराचा पट्टा टाकावा तसा. लँडरेस मूळची डेन्मार्कची. लांबट, गुलाबी-पांढरी, एरवीच्या डुकरापेक्षा बरगड्या जास्त आणि कान डोळ्यांवर पडलेले. ‘तिला समोरचं फारसं दिसत नाही, म्हणून ती शांत असते. आई म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही,’ असं तो म्हणायचा.

मी पालघरला एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात काम करते. आठवड्याचं शेतीचं पान माझ्याकडे असतं. त्याच्या आग्रहाने मी एकदा ‘जगातली डुकरं’ असा मजकूर लावला. हंगेरीचं मँगलित्सा, त्याच्या अंगावर मेंढीसारखी कुरळी लोकर असते. चीनचं मेइशान, तोंडाला सुरकुत्याच सुरकुत्या, एका वेताला ढीगभर पिल्लं. बेल्जियमचं पिएत्रें, अंगाने पैलवान पण काळीज एवढंसं, नुसत्या भीतीने मरणारं. स्पेनचं काळं डुक्कर ओकच्या झाडाखाली पडलेली फळं खाऊन वाढतं आणि इंग्लंडातल्या एका जातीच्या अंगावरचे ठिपके म्हणजे सफरचंदं पडून उठलेले वळ, असं तिथले लोक गमतीने सांगतात. बंगालचं घुंगरू काळं, कान लोंबते, शिळ्यापाक्यावर निभावणारं. पान चांगलं झालं. छापलेल्या डुकराला वास नसतो. तरी मजकुरावर माझं नाव नव्हतं. नको, असं मीच सांगितलं होतं.

नवरा एकुलता एक. सासरे गेल्यावर सासूबाई गावाकडे एकट्या होत्या. त्यांनी बोईसरला कायमचं येऊन राहावं, ही त्याची एकच मागणी होती. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘फ्लॅटात बसून करू काय? हाताला काम न्हाई, दारात जनावर न्हाई.’ एका फोनवर तो बोलून गेला, ‘आई, जनावरं पाळलीत मी.’ आमच्याकडे जनावरं म्हणजे गुरं. गाय, म्हैस, बैल. दुसरा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. हे त्याला माहीत होतं आणि शेजारी बसलेल्या मलाही.

सासूबाईंचा आवाज त्या दिवसापासून बदलला. कोणाला किती पेंड, पाणी कुठून, गोठा पक्का का कच्चा, सगळं विचारू लागल्या. पावसाळा संपला की येते म्हणाल्या. मग एक लँडरेस व्याली आणि त्याने आनंदात फोन लावला. स्पीकर चालू होता.

‘आई, काल एक व्याली.’

‘म्हस का गाय?’

‘लँडरेस.’

‘ही आनि कुठली जात?’

‘डेन्मार्कची. परदेशी.’

‘जर्शीसारखी?’

‘तसलीच म्हण. पांढरी असते.’

‘दूध हाय का बरं?’

‘हाय की. सगळ्यांची पोटं भरत्यात.’

‘सगळ्यांची? आरं, जुळं झालं काय?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘व्हय,’ म्हणाला.

‘जुळ्याचा चीक! मग मला धाड लेका. देवाला दावते, गल्लीत वाटते. पयला चीक हाय तुझ्या दावणीचा.’

त्याने फोन ठेवला. मीच म्हणाले, चीक मिळेल. पाम गावाच्या बाजूला एक तबेला आहे. तिथला भय्या गोठ्यातून बाहेर न येताच म्हणाला, ‘पहले दिन का नहीं देते बहनजी. वो भगवान का, और बछड़े का. दूसरे दिन का ले जाओ.’ मी दुसऱ्या दिवसाचा विकत घेतला, फ्रीजरमध्ये गोठवला, बर्फाच्या डब्यात भरला आणि सांगलीला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला. खरवस कसा झाला, याचा फोन आला. गूळ-वेलदोडा घातला होता. गल्लीतल्या प्रत्येक घरात वाटी गेली होती. सासऱ्यांच्या फोटोपुढेही एक वडी ठेवली, असं त्या म्हणाल्या.

ठरल्याप्रमाणे त्या आल्या. पिशवीत दोन काळे गोंडे होते, जुळ्या वासरांच्या गळ्यात बांधायला, दृष्ट लागू नये म्हणून. रस्त्यात सांगेन, असं नवरा आदल्या दिवशी म्हणाला होता. रिक्षा चिल्हार रस्त्याला लागली, तो बोलला नाही. मीही बोलले नाही. सासूबाई बाहेरच्या भातखाचरांकडे बघत ‘चाऱ्याला तोटा न्हाई बघ हितं,’ म्हणाल्या.

फार्मवर एक वारली बाई काम करते. कारखान्यांच्या कँटीनमधून आलेला उरलेला भात ती पिंपात शिजवत होती. सासूबाईंनी चपला काढून ठेवल्या, गोठ्यात शिरताना काढतात तशा, आणि तिला विचारलं, ‘गुरं कुठं बांधल्यात गं?’

‘गुरां? गुरां नाय आमच्याकडं. डुकरां हायत.’

‘आनि जुळं झालेली?’

‘जुळां?’ ती बाई मोठ्याने हसली. ‘आई, डुकरीनीला दोनच झाली तर मालक रडंल! लय हायत, या बगा.’

नवरा पाण्याच्या टाकीचा नळ बंद करायला गेला. नळ बंदच होता.

सासूबाई कठड्याशी गेल्या. लँडरेस कुशीवर पडली होती, कान डोळ्यांवर, आणि पिल्लं दोन ओळींत एकमेकांवर चढून लुचत होती. त्यांनी पदर नाकाला लावला नाही. वळून परतही गेल्या नाहीत. खूप वेळ बघत राहिल्या. मग मुलाकडे न बघता माझ्याकडे वळल्या.

‘चीक कुणाचा हुता?’

प्रश्न कळायला मला वेळ लागला. नवऱ्याला आधी कळला. तो टाकीकडून धावत आला. ‘आई, तसं काय न्हाई! डुकरिणीचं दूध काढताच येत न्हाई. तिला कासच नसते गाईसारखी. पिल्लं ढुसण्या देतात तेव्हा मिनिटभरही न्हाई, एवढंच दूध उतरतं, की बंद. प्रत्येकाचा सड ठरलेला असतो...’

‘मी जात इचारली न्हाई तुला. कुनाच्या दारचा, ते इचारलं.’

वारली बाईने तोंडावर हात दाबला होता, तरी तिचे खांदे हलत होते. ‘डुकरीनीचा खरवस,’ ती स्वतःशीच पुटपुटली आणि पिंपाकडे पळाली.

‘विकत आणला होता,’ मी म्हणाले.

‘इकत.’

‘तबेल्यातून.’

‘चीक इकत घेत न्हाईत पोरी. देनारा देतो, खानारा खातो. त्याचा पैका करत न्हाईत.’ आवाज चढलेला नव्हता. ‘डुकरं पाळली, पाळली. कुनाच्या घरात शिरून चोरी न्हाई केली त्यानं. पर माझ्या ल्योकाच्या दावणीचा म्हनून देवाफुडं ठिवला मी. ह्यांच्या फोटोफुडं ठिवला. साऱ्या गल्लीला खोटं खाऊ घातलं माझ्या हातानं.’



घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, सोफ्यावर न बसता खाली बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, गल्लीतल्या घरांना एकेक करून फोन लाव. वर्तमानपत्रात चूक झाली तर आम्ही आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात चार ओळींचा खुलासा देतो. तो फारसं कोणी वाचत नाही, आणि कोपरा निवडताना ते आम्हाला माहीत असतं. सासूबाईंनी स्पीकर चालू ठेवायला लावला.

पहिला फोन त्यांनी स्वतः केला. ‘अगं, त्यो खरवस आठवतो का? त्यो माझ्या लेकाच्या घरचा न्हवता. इकतचा हुता. त्याची डुकरं हायती.’

पलीकडून उत्तर आलं, ‘असू दे की गं आत्याबाई! ग्वाड हुता.’

‘ग्वाड हुता ते न्हाई इचारत. खोटा हुता, ते सांगते.’

दुसरा नंबर लागला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. ‘तू बोल. तू आनलास.’

मी सुरुवात केली, त्या दिवशीचा चीक आमच्या फार्मवरचा नव्हता. सासूबाई मध्येच म्हणाल्या, ‘फारम न्हवं.’

‘आमच्याकडे डुकरं आहेत,’ मी म्हणाले.

‘म्हंजे डुकराचा चीक?’ पलीकडची बाई किंचाळली. ‘अगं बया! माझ्या मालकांनी दोन वाट्या खाल्ल्या की! आवो, ऐकताय का—’ आणि लांबून एका पुरुषाची शिवी ऐकू आली. डुकरिणीचं दूध काढता येत नाही, हे आता मी सांगत होते, नवऱ्याच्याच शब्दांत, कासेपासून सडापर्यंत. खिडकी उघडी होती. खाली अंगणात तळमजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांचा हात दोरीवर थांबला होता. मी खिडकी लावायला उठले.

‘ऱ्हाऊ दे उघडी,’ सासूबाई म्हणाल्या.

गल्लीतली सगळी घरं झाली. कोणी हसलं, कोणी ‘शी’ म्हणालं. एका म्हाताऱ्याला डुकराचं ऐकून वाईट वाटलंच नाही. पोराला नोकरी गेल्यावर कोणी मदत केली का, एवढंच त्याने विचारलं. नवरा उठून बाल्कनीत गेला. शेवटच्या फोनवर पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘मग आता तू माघारी येनार का तिथंच ऱ्हानार?’

नवरा बाल्कनीच्या दारात येऊन उभा राहिला.

‘ऱ्हाते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हाताला काम हाय हितं. पर माझं जेवान मी करीन.’

त्या राहिल्या आहेत. सकाळी मुलाबरोबर फार्मवर जातात. वारली बाई आणि त्या मिळून पिंप उतरवतात, अशक्त पिल्लू उचलून जास्त दूध येणाऱ्या पुढच्या सडाला लावतात. कोणी विचारलं तर डुकरं म्हणतात. सोसायटीत आता सगळ्यांना माहीत आहे. काहींनी बोलणं कमी केलं, एकदोघांनी नाताळाच्या आधी मांसाचा भाव विचारला.

स्वयंपाकघरात त्यांनी एका बर्नरची वेगळी शेगडी मांडली आहे. पहिले काही दिवस मी समजत होते की हे डुकरांमुळे. विटाळ असेल, असं मी मनाशी धरलं आणि त्यात थोडा दिलासाही होता. पण नवरा फार्मवरून येतो, हात धुतो, आणि त्याने सोललेला लसूण त्या आपल्या फोडणीत घालतात. त्याने भरलेलं पाणी पितात. आपल्या तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकतात आणि त्याच्या ताटातलं उरलेलं कालवण स्वतः पुसून खातात.

माझ्या हातचं खात नाहीत. भांडत नाहीत, टोमणा मारत नाहीत, बोलतात नीट. मी वाटी पुढे केली की ‘ठीव तिथं’ म्हणतात. वाटी तिथेच राहते.