थापामामा बसत नसत

थापामामांना बसलेलं आमच्या कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. नागापूरच्या आमच्या कॅन्टीनचे ते स्वयंपाकी. कांदा उभ्यानं चिरायचे, जेवायचेही उभ्यानंच, ताटली फळीवर ठेवून. मूळचे नेपाळचे, ऐन जवानीत बायकोला घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. कुळथाची शेंगोळी अशी करायचे, की राजूरकडची नखरेल पोरंही मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाटी पुढं करत. मराठी तर माझ्यापेक्षा अस्सल.

मी स्टोअरला. एकदा त्यांचे पाय टम्म सुजलेले दिसले, म्हणून स्टूल पुढं सरकवलं. मामांनी त्यावर कांद्याचं पोतं ठेवून दिलं.

"नगं साहेब. ठेकेदारानं बगितलं तर म्हनंल, म्हातारा झाला. उद्या दुसरा आनंल."

"आणू दे की. तुम्ही जा आता गावी."

"जातो की! मंग मनमायाचं काय करू?"

मनमाया म्हणजे मामी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस चालायचं मामांच्या कामगार विम्याच्या कार्डावर, आणि कार्ड चालायचं मामा कामावर असेपर्यंत. गावाची ओढ खरं तर मामींनाच जास्त. अंगणात त्यांनी लावलेलं संत्र्याचं झाड होतं, त्याखाली एकदा बसायचं, एवढंच त्या म्हणत.

गावाहून थोरल्या भावाचा फोन यायचा. ये, इथं सरकार म्हाताऱ्यांना भत्ता देतं. फोन ठेवला की मामा म्हणत, "भत्ता तिकडं, दवा हिकडं. दोनी सरकारं चांगली हायेत बगा. आमीच मधी हाय." सरहद्दीचा विषय निघाला की हसत. "येताना कुनी अडवलं न्हाई, जाताना बी अडवनार न्हाई. मानूस जातो साहेब, कार्ड जात न्हाई."

म्हणून दर रविवारी केसांना काळा रंग. एकदा भर उन्हाळ्यात, भट्टीपुढं, तो रंग घामाबरोबर कानामागून ओघळला. सगळं कॅन्टीन हसलं. मामाही हसले, पण आधी दाराकडं बघून. ठेकेदार नव्हता. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढा मोकळाढाकळा माणूस, आणि दारं सगळी उघडी असून कोंडलेला. फार वाईट वाटलं.

गेल्या थंडीत मामी गेल्या. तेरावं उरकून मामा कॅन्टीनला आले ते निरोप घ्यायला. डोक्याचं मुंडण केलेलं, नवे खुंट पांढरेशुभ्र. मी खुर्ची पुढं केली. मामा जरा वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि मग बसले. जेवणाऱ्यांचे हात थांबले.

"एवढी कडक असती व्हय खुर्ची?" मामा म्हणाले.

मी चहा दिला. भाऊ न्यायला येणार होता. "तिला झाडाखाली बसायचं हुतं," मामा सांगत होते, "आता मीच बसतो तिच्या वाटचं."

तेवढ्यात दारातून ठेकेदार आत आला. मामा ताडकन उठून उभे राहिले. चहा हातावर सांडला.

"बसा मामा, बसा," ठेकेदार ओशाळून म्हणाला.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता कशाला भ्यायचं, मामा?"

"भ्येत न्हाई साहेब. पाय ऐकंनात."

उरलेला चहा त्यांनी उभ्यानंच संपवला.