किटलीच्या झाकणावरची सही

"तात्या, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही तुमचीच ना?"

"व्हय की! माझीच हाय."

कोल्हापूरच्या कोर्टात मी तात्यांची उलटतपासणी घेत होते. माझी पक्षकार शालन, मलकापूरकडची. नवरा वारल्यापासून माहेरी. वडिलांचं, आप्पांचं, शेवटची सात वर्षं सगळं तिनंच केलं. आप्पा गेले आणि महिन्याभरात भावानं, बाजीरावानं, मृत्युपत्र पुढं केलं. घर आणि भातशेती सगळी त्याला. मुलीचं नावसुद्धा नाही! सगळं आप्पांनी स्वतः कमावलेलं, त्यामुळं कुणालाही द्यायचा त्यांना हक्क होता. मृत्युपत्र टिकलं की शालन घराबाहेर.

सही आप्पांचीच होती. "दादानं कागद दिला की आप्पा वाचत न्हवतं," शालन म्हणायची. पण ते सिद्ध कसं करणार, कपाळ!

उरले साक्षीदार. मृत्युपत्राला दोन लागतात. करणाऱ्यानं त्यांच्यादेखत सही करायची, नाहीतर 'ही माझीच' असं त्यांना स्वतः सांगायचं. आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करायची. तसं झालं, असं अ‍ॅफिडेव्हिट शेजारच्या तात्यांनी दिलेलं. तात्या खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या गावाला माहीत. भीती तीच होती.

"कुठं बसून केलीत सही?"

"बसून कुठली? डेअरीत दूध घालायला रांगेत हुतो. बाजीरावानं कागद आणला. किटलीच्या झाकणावर ठिवून केली."

समोरचे वकील ताडकन उठले. जजसाहेबांनी त्यांना हातानंच बसवलं.

"आणि दुसरा साक्षीदार?"

"माझ्या म्होरंच हुता की. त्येनं बी तितंच ठोकली."

"आप्पा कुठं होते?"

"त्यो घरात पडून. गुडघं धरल्यालं त्येचं."

"या कागदाबद्दल ते तुमच्याशी कधी बोलले?"

"न्हाय बा."

जजसाहेबांनी चष्मा काढला. "मग अ‍ॅफिडेव्हिटमध्ये 'आप्पांच्या समक्ष' कसं?"

"मला काय ठावं? वकीलसाहेब म्हणलं सही करा, केली. माणूस वळखीचा असला की आमी कागद वाचत न्हाय, साहेब."

अर्धं कोर्ट हसलं. मी मुकाट्यानं खाली बसले. हवं ते उत्तर मिळाल्यावर आणखी एक प्रश्न विचारून केस घालवणारे वकील मी खूप पाहिलेत.

दुसरा साक्षीदार कोर्टाकडं फिरकलाच नाही. मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. शालनला भावाइतकाच हिस्सा मिळाला. आता तिला घरातून कोण काढतंय! निकाल ऐकून बाहेर आले आणि हुश्श करून आधी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी वारस नोंदीचा अर्ज शालनपुढं ठेवला. तिनं पेन उचललं आणि सरळ सही करायला लागली. माझं टाळकंच सरकलं.

"अगं, वाच की आधी!"

"तुमीच दिलाय न्हवं, मॅडम?"

मी पेन काढून घेतलं. "मी दिला म्हणून काय झालं? वाच. मोठ्यानं."

ती अडखळत वाचू लागली. "मी, शालन... कैलासवासी आप्पांची... मुलगी..."

तिथं ती थांबली. पदर डोळ्यांना लावला आणि तेवढीच ओळ पुन्हा वाचली.

मग मी पेन परत दिलं.